रेडिंगच्या घराआधी गंगापूर रोडचा फ्लॅट कुणाच्या नावावर आहे ते बघा

काका, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मुलगा-सून इंग्लंडमध्ये रेडिंगला स्थिरावलेत, दोघंही नोकरीत. ३ लाख २० हजार पौंडांचं, दोन बेडरूमचं, एकाला एक लागून असलेल्या जुन्या, विटांच्या घरांच्या रांगेतलं एक घर त्यांना आवडलंय. तुम्ही नाशिकमधला मखमलाबादचा प्लॉट विकून ४० लाख पाठवणार आहात. तिथली एजंट म्हणते, आणखी एक गिऱ्हाईक आहे, शुक्रवारपर्यंत तुमचा शेवटचा आकडा सांगा, आणि कर्ज आमच्याच ब्रोकरकडून केलंत तर ऑफरला वजन येईल. व्हिडिओ कॉलवर ती तुमच्याशी फार आपुलकीने बोलली आणि तुम्ही तिला ‘पैशाची काळजी करू नका’ असं सांगितलंत. आता तुम्ही विचारताय की या बाईंवर विसंबावं का, आणि घर चौघांच्या नावावर घ्यावं का. जाता जाता एका ओळीत हेही लिहिलंय, की नाशिकचा गंगापूर रोडचा फ्लॅट तुमच्या आणि मुलाच्या नावावर आहे.

त्या जाता जाता लिहिलेल्या ओळीपासूनच सुरुवात करावी लागेल, कारण सगळ्यात मोठी रक्कम तिच्यात अडकली आहे. मी इंग्लंडमध्ये सॉलिसिटरच्या, म्हणजे घराचे कायदेशीर कागद बघणाऱ्या वकिलाच्या, ऑफिसात घरांच्या खरेदी-विक्रीच्या फायली सांभाळल्या आहेत आणि आता नाशिकला खरेदीखतं, सर्च रिपोर्ट, बक्षीसपत्रं हेच काम करते. दोन्हीकडचे कागद हाताखालून गेल्यामुळे सांगते: आपल्याकडे ‘पुढे त्रास नको’ म्हणून मुलाचं नाव फ्लॅटवर घालतात, आणि तोच मुलगा परदेशात घर घ्यायला निघाला की ते नाव त्याला महागात पडतं.

इंग्लंडमध्ये घर घेताना एसडीएलटी भरावा लागतो, म्हणजे तिथलं मुद्रांक शुल्क. १ एप्रिल २०२५ पासूनचे दर असे आहेत: पहिल्या १ लाख २५ हजार पौंडांवर काही नाही, त्यापुढे अडीच लाखांपर्यंत २ टक्के, आणि त्यापुढे ९ लाख २५ हजारांपर्यंत ५ टक्के. आयुष्यातलं पहिलं घर घेणाऱ्याला सवलत आहे. घर ५ लाखांच्या आतलं असेल तर ३ लाखांपर्यंत शून्य, वरच्या रकमेवर ५ टक्के. तुमच्या मुलाच्या घराला ही सवलत मिळाली तर कर १ हजार पौंड. सवलत नसेल तर ६ हजार. आणि ‘आधीच एक घर आहे, हे दुसरं’ असं ठरलं तर पूर्ण किमतीवर आणखी ५ टक्के, म्हणजे १६ हजार वर चढतात आणि एकूण २२ हजार होतात. १ हजार आणि २२ हजार यातला फरक पौंड १२० रुपयांचा धरला तर २५ लाखांच्या घरात जातो. तुम्ही पाठवणार त्यातले निम्म्याहून जास्त पैसे तिथेच गेले.

आता यात गंगापूर रोड कुठे आला? तर तिथला कायदा ‘आधीचं घर’ फक्त इंग्लंडमध्ये शोधत नाही, जगभरात शोधतो. पहिल्या घराची सवलत मिळायला खरेदीदाराने जगात कुठेही, कधीही घर किंवा घरातला हिस्सा घेतलेला नसावा लागतो. वारशाने किंवा बक्षीस म्हणून मिळालेलाही चालत नाही. आणि घर दोघांच्या नावावर असेल तर दोघंही तसे कोरे हवेत. म्हणजे सूनबाईंचं नाव त्यांच्या माहेरच्या फ्लॅटवर आहे का, तेही विचारून घ्या. हे नातेवाइकांत विचारायला अवघड जातं, पण विचारा.

५ टक्क्यांच्या जादा कराला मात्र एक उंबरठा आहे. आधीच्या घरातल्या हिश्श्याची किंमत ४० हजार पौंडांच्या खाली असेल तर तो हिस्सा धरत नाहीत. त्याच १२० च्या भावाने हे साधारण ४८ लाख रुपये झाले. तुमचा फ्लॅट ८० लाखांचा असेल आणि मुलाचा अर्धा वाटा ४० लाखांचा, तर जादा कर लागत नाही, फक्त पहिल्या घराची सवलत जाते. फ्लॅट सव्वा कोटीचा असेल तर अर्धा वाटा उंबरठ्याच्या वर जातो आणि २२ हजार पौंडांचं गणित सुरू होतं. या हिशोबात रेडी रेकनर, म्हणजे सरकारी दर, चालत नाही, बाजारभाव लागतो. त्यामुळे इथल्या मूल्यांकनकाराचा सही-शिक्क्याचा दाखला आत्ताच करून ठेवा. या जादा करासाठी नवरा-बायकोला एकच धरतात, म्हणजे सूनबाईंचं नाव नव्या घरावर नसलं तरी त्यांच्या नावावरचं घर मोजलं जातं.

निफाड-दिंडोरीकडची नुसती शेती घर म्हणून धरली जात नाही. पण गावातल्या वाड्यात वारसाहक्काने नाव लागलं असेल तर ते सांगावं लागतं. वारसाहक्काचा हिस्सा निम्म्यापेक्षा जास्त नसेल तर पहिल्या तीन वर्षांसाठी त्याला जादा करातून सूट असते.

मग मुलाचं नाव फ्लॅटवरून काढता येईल का? जादा कर ठरतो तो खरेदी पूर्ण होण्याच्या दिवसाअखेरीस काय मालकी आहे त्यावर. म्हणून त्याआधी नोंदणीकृत दस्ताने मुलाचा हिस्सा खरोखर तुमच्याकडे आला, तर तो कर टळू शकतो. पहिल्या घराची सवलत मात्र गेली ती गेली, ती ‘कधीही’ या शब्दावर चालते. हक्कसोड की बक्षीसपत्र, त्यावर इथे मुद्रांक शुल्क किती, हे तुमच्या दस्तावर अवलंबून आहे. इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा) आणि मूळ खरेदीखत घेऊन इथल्या वकिलाकडे जा, आणि तेच दोन्ही कागद इंग्रजी भाषांतरासह मुलाच्या तिथल्या सॉलिसिटरकडे पाठवा. सगळे पैसे तुम्ही भरलेत आणि मुलाचं नाव नुसतं सोबत होतं, तर त्याची खरी मालकी होती की नाही याचं मत सॉलिसिटरनेच लेखी द्यायचं असतं. ‘कोण बघायला येतंय नाशिकला’ हा विचार मनातही आणू नका. या कराचं विवरणपत्र खरेदीनंतर १४ दिवसांत मुलाच्या नावाने जातं आणि त्यातल्या माहितीची जबाबदारी त्याची असते. तिथे राहायचंय त्याला.

याच हिशोबात तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर येतं. चौघांची नावं घालू नका. तुमच्या दोघांच्या नावाने गंगापूर रोडचं घर मोजलं जाईल, पहिल्या घराची सवलत बुडेल, आणि वर तुम्ही गेल्या बारा महिन्यांत १८३ दिवस तिथे राहिलेले नाही म्हणून परदेशस्थ खरेदीदाराचे आणखी २ टक्के पूर्ण किमतीवर लागतील. फ्लॅटमधला हिस्सा ४० हजार पौंडांच्या उंबरठ्याच्या वर असेल तर मिळून २८ हजार ४०० पौंड. आपल्याकडे सगळ्यांची नावं घालणं हा मायेचा भाग आहे, मला ते मनापासून कळतं. इथे ती माया पैसे बक्षीस देण्यातून दाखवा.

पैशाचंही बोलते. भारतातून रहिवासी माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते, तुमचे ४० लाख त्यात सहज बसतात. पण अशा कारणासाठी १० लाखांच्या वर जाणाऱ्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ वसूल केला जाणारा कर, कापते. तुम्ही एकट्याने एकाच वर्षात ४० लाख पाठवलेत तर ३० लाखांवर ६ लाख कापले जातील. ते बुडत नाहीत, विवरणपत्रात वळते होतात किंवा परत मिळतात, पण ऐन गरजेच्या वेळी अडकतात. १० लाखांची मर्यादा प्रत्येक माणसाला आणि प्रत्येक आर्थिक वर्षाला वेगळी आहे. काकूंच्या खात्यातून १० आणि तुमच्या खात्यातून १० मार्चअखेर, आणि तसेच पुन्हा एप्रिलात पाठवले तर टीसीएसचा प्रश्नच राहत नाही. बँक बदलून उपयोग नाही, हिशोब पॅनवर चालतो. तुमचा व्यवहार मार्च-एप्रिलच्या आसपास नसेल तर निदान दोघांच्या खात्यांतून पाठवा, म्हणजे ६ ऐवजी ४ लाखच अडकतील.

प्लॉटच्या नफ्यावरचा भांडवली नफा कर बाजूला काढून मगच ४० लाखांचा आकडा पक्का करा. घर घेतलं की हा कर वाचतो असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल, तर ती सूट भारतातल्या घरासाठी आहे, रेडिंगच्या घरासाठी नाही.

आणि प्लॉटचा व्यवहार पूर्ण चेकने करा, काका. रोखीचा एक रुपयाही नको. तिथला सॉलिसिटर पैशाचा उगम तपासतो म्हणजे नुसतं ‘वडिलांनी दिले’ ऐकून घेत नाही. प्लॉट कधी घेतला, कितीला विकला, खरेदीखत, ती रक्कम ज्या दिवशी खात्यात आली ते बँकेचं पान, तुमचं पारपत्र, पत्त्याचा पुरावा, हे सगळं मागतो. मराठी खरेदीखताचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतं. माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांचा सर्वांत जास्त वेळ इथेच जातो, कारण दस्तावर लिहिलेली रक्कम आणि खात्यात आलेली रक्कम जुळावी लागते. कर्ज देणारी बँक शिवाय तुमच्याकडून लिहून घेईल की हे बक्षीस आहे, उसने नाहीत आणि या घरात तुमचा हक्क राहणार नाही. परदेशातून आलेलं बक्षीस आपली बँक स्वीकारते ना, हे मुलाने ऑफर देण्याआधीच कर्जाच्या ब्रोकरला विचारावं.

आता त्या एजंटबाईंकडे येऊ.

नाशिकमध्ये एजंट दोन्हीकडून टक्का घेतो, त्यामुळे तो दोघांचाही असतो, निदान तसं वागतो. सोसायटीची एनओसी तोच आणतो, टोकन त्याच्याच समोर दिलं जातं, सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात आधार आणि फोटोंचा गठ्ठा घेऊन तोच आधी पोचलेला असतो, आणि विकणारा पाच लाखांवर अडला की दोघांना चहाला बसवून तोच मधला आकडा काढतो. इंग्लंडमधल्या एजंटला यातलं बहुतेक काही करायचं नसतं. विक्रीचा टक्का त्याला विकणारा देतो, त्याचं कायदेशीर कर्तव्यही मुख्यतः विकणाऱ्याशी असतं. कागदपत्रं तो बघत नाही, ते काम सॉलिसिटरचं. आपल्याकडे महारेराची नोंदणी आणि आता परीक्षाही आहे. तिथे एजंट व्हायला परवाना लागत नाही, फक्त तक्रार निवारण योजनेचं सभासदत्व आणि मनी लाँडरिंग (काळा पैसा पांढरा करणं) रोखण्याच्या नियमांखालची नोंदणी लागते.

म्हणून एजंटला तुमचं बोलणं ऐकवताना एवढं लक्षात ठेवा, की जे तिला कळलं ते विकणाऱ्याला कळलं. ‘पैशाची काळजी करू नका’ हे वाक्य त्याच दिवशी विकणाऱ्यापर्यंत गेलं असेल, आणि त्यात एजंटबाईंची काही चूक नाही, ते त्यांचं कामच आहे. यापुढे व्हिडिओ कॉलवर घर बघा, खिडकी कुठल्या दिशेला उघडते ते विचारा, पण पैशाचं बोलणं एकट्या मुलाने करावं. ‘तुम्ही किती वर जाऊ शकता?’ याला उत्तर एकच, ‘आमची ऑफर अमुक आहे.’ भाड्याचा करार कधी संपतो, नातवाची शाळा कधी सुरू होते, वडील अजून किती देऊ शकतात, हे काहीच सांगायचं नाही. बँकेकडून कर्जाचं तत्त्वतः मंजुरीपत्र घेताना ते ऑफरच्या रकमेला पुरेल इतकंच घ्या. कमाल पात्रतेचं पत्र एजंटला दाखवलं की तुमची मर्यादा तुम्हीच उघडी केली.

पण तिला शत्रू समजणंही चूक आहे. समजा, तिच्या ऑफिसाचा टक्का दीड आहे. तुम्ही ५ हजार पौंड जास्त दिलेत तर तिच्या ऑफिसाला मिळतात फक्त ७५ पौंड. व्यवहार मोडला तर मात्र तिचे जवळपास पावणेपाच हजार जातात. म्हणजे तिला सगळ्यात जास्त काय हवं असतं? शेवटपर्यंत टिकणारा खरेदीदार. आणि तुमच्या मुलाची खरी ताकद तीच आहे. त्याला आधी स्वतःचं घर विकायचं नाही, त्यामुळे त्याच्या मागे खरेदी-विक्रीची साखळी नाही. सॉलिसिटर नेमलेला आहे, मंजुरीपत्र आहे, स्वतः भरायच्या रकमेचा पुरावा तयार आहे, असं ऑफरसोबत लेखी गेलं तर दोन-तीन हजारांनी जास्त पण डळमळीत ऑफरपेक्षा ती वरचढ ठरू शकते. हे मी विकणाऱ्याच्या बाजूने बसूनही पाहिलं आहे.

दुसरं गिऱ्हाईक खरंच आहे का? १९७९ च्या इस्टेट एजंट्स ॲक्टखालच्या नियमांप्रमाणे नसलेली ऑफर आहे म्हणून सांगायला मनाई आहे. तसंच, तुम्ही त्यांचा ब्रोकर घेतला नाही म्हणून तुमच्या ऑफरला दुय्यम वागणूक द्यायलाही मनाई आहे, आणि आलेली प्रत्येक ऑफर तिने ताबडतोब लेखी विकणाऱ्याला कळवायची असते. म्हणून ‘आमच्या ब्रोकरने वजन येईल’ हे तोंडी बोलणं मुलाने ईमेलवर आणावं: ‘कर्जाची व्यवस्था आम्ही बाहेरून केली आहे, याचा आमच्या ऑफरवर काही परिणाम होणार आहे का, कृपया कळवा.’ अशा ईमेलला बहुतेक वेळा ‘अजिबात नाही’ असंच उत्तर येतं. पैशाचा पुरावा आणि ओळखपत्र मागणं मात्र त्यांचा हक्क आहे, त्यावर वाद घालू नका.

त्याच ईमेलमध्ये आणखी विचारा: घर किती दिवस विकायला आहे, आधी ठरून मोडलं होतं का, मोडलं तर कशामुळे, विकणाऱ्याचं पुढचं घर ठरलंय का. त्या गल्लीतली घरं कितीला गेली हे एजंटला विचारायची गरज नाही. १९९५ पासूनच्या विक्रीच्या किमती तिथल्या लँड रजिस्ट्रीवर फुकट आणि सगळ्यांना खुल्या आहेत. मुलाने एक संध्याकाळ बसून मागच्या दोन वर्षांतल्या शेजारच्या सात-आठ घरांच्या किमती लिहून काढल्या की शुक्रवारचा आकडा त्याचा त्यालाच सुचेल.

टोकन देऊ नका. तिथे ऑफर मान्य झाली तरी ती ‘कराराच्या अधीन’ असते. दोन्ही बाजूंनी करारांची अदलाबदल होईपर्यंत कुणीही, कारण न देता, मागे फिरू शकतो. ही अदलाबदल व्हायला सहसा काही महिने जातात. त्या वेळी साधारण १० टक्के रक्कम सॉलिसिटरमार्फत जाते, आणि तेव्हापासून मागे फिरलं तर ती बुडते. म्हणजे आपल्या साठेखताचं वजन तिथे ऑफरला नाही, या अदलाबदलीला आहे. मधल्या काळात विकणारा जास्त देणाऱ्याकडे वळला असंही होतं, आणि ते बेकायदेशीर नाही. म्हणून ऑफर मान्य होताच जाहिरात उतरवायला सांगा. जाहिरातीत लिलावाची पद्धत आणि परत न मिळणारी आरक्षण रक्कम लिहिली असेल तर सॉलिसिटरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

स्वतःचा सर्व्हेअर, म्हणजे घराची तपासणी करणारा तज्ज्ञ, नेमायला पैशासाठी मागेपुढे बघू नका. बँक मूल्यांकन करते ते तिच्या कर्जापुरतं. शंभर वर्षांच्या विटांच्या घराला आरआयसीएसचा (तिथल्या सर्व्हेअरांच्या संस्थेचा) लेव्हल थ्री, म्हणजे सर्वांत सखोल, सर्व्हे करा, त्यात ओल, छपराची लाकडं, मागच्या बाजूला नंतर वाढवलेल्या स्वयंपाकघराची परवानगी, सगळं निघतं. तो अहवाल हातात आला की किंमत पुन्हा बोलायला सबळ कारण मिळतं, आणि एजंटलाही विकणाऱ्याला पटवायला तो कागद उपयोगी पडतो.

एक कागद मला तिथला फार आवडायचा. विकणारा खोलीनिहाय एक फॉर्म भरतो: पडद्याची दांडी राहणार की जाणार, दिव्याची शेड राहणार की जाणार, ओव्हन, फडताळ, बागेतली लाकडी खोली, एकेकासमोर खूण. आपल्याकडे ताबा घेताना गिझर आणि पंखे काढून नेल्यावरून जे वाद होतात ते या एका फॉर्मने मिटतात. मुलाने तो ओळीओळीने वाचावा. शेजाऱ्याशी भांडण झालंय का याचंही उत्तर विकणाऱ्याला दुसऱ्या एका फॉर्ममध्ये लेखी द्यावं लागतं.

हे घर फ्रीहोल्ड, म्हणजे जमिनीसह कायमच्या मालकीचं, आहे असं धरून मी लिहिलंय. उद्या फ्लॅटकडे वळलात तर तिथे बहुतेक फ्लॅट लीजवर, म्हणजे ठरावीक वर्षांच्या भाडेपट्ट्यावर, असतात. सिडकोतलं घर घेतलेल्या नाशिककराला लीज काय असते ते सांगायला नको, फक्त तिथे किती वर्षं उरलीत हे पहिलं विचारायचं. ८० च्या खाली असतील तर मुदत वाढवणं महाग पडतं.

पैसे पाठवताना एक खबरदारी. ‘आमचं बँक खातं बदललंय’ असा सॉलिसिटरच्या नावाने ईमेल आला तर एक पैसा हलवू नका. पहिल्या भेटीत मिळालेल्या नंबरवर मुलाने फोन करून खातं क्रमांक बोलून पडताळायचा. खोट्या ईमेलने आयुष्यभराची कमाई गेलेली कुटुंबं तिथे आहेत.

ताबा दसऱ्याला किंवा अक्षय्य तृतीयेला मिळेल का, असंही तुम्ही विचारलंय. तारीख करारांच्या अदलाबदलीच्या वेळी दोन्ही बाजू मिळून ठरवतात, मुलाने सॉलिसिटरला नक्की सांगावं. पण विकणारा पुढचं घर घेत असेल तर त्याच्यापुढच्या सगळ्यांना तोच दिवस जुळावा लागतो, त्यामुळे हट्ट धरू नका. किल्ली मिळाली त्या दिवशी नुसता कलश ठेवा, वास्तुशांत तुम्ही तिकडे गेलात की करा.

राहिला शुक्रवार. आकडा पाठवायच्या आधी मुलाने सॉलिसिटरला गंगापूर रोडचा इंडेक्स टू पाठवून कर १ हजार, ६ हजार की २२ हजार, हे विचारून घ्यावं. उत्तर आलं की त्याच्या बजेटमधून तेवढे वजा करून उरेल त्यात बसणारा आकडा, साखळी नसल्याचा उल्लेख आणि सॉलिसिटरचं नाव, एवढं तीन ओळींत ईमेलने पाठवावं. शुक्रवारपर्यंत उत्तर आलं नाही तर सोमवारची मुदत मागावी. नाही मिळाली तर २२ हजार धरून ऑफर द्यावी. घर हातचं गेलं तरी या टप्प्याला सर्व्हेचे पैसेही खर्च झालेले नाहीत, आणि तयार झालेले कागद पुढच्या घराला जसेच्या तसे चालतील.